साधा आकाशी शर्ट

यशवंतपूर, बेंगळुरू
२७ जुलै २०२५

लाडक्या ईरू,

तू बरी असशील, खोकला गेला असेल, असं धरून चालते. आम्ही ठीक आहोत. ईशानच्या ऑफिसने पुन्हा आठवड्यातून चार दिवस यायला सांगितलंय, त्यामुळे आमचे नवरोबा वैतागलेले. आईचा गुरुवारी फोन होता. साताऱ्यात पाऊस थांबत नाहीये आणि तिचे कपडे वाळत नाहीयेत, हे तिने मला दोनदा सांगितलं. तुझी चौकशी केली. मी म्हटलं, मजेत आहे.

हाताने लिहिलेलं पत्र बघून हसशील. अनुषा तुझ्या शाळेत तुझ्याच स्टाफरूममध्ये बसते आणि रविवारी आमच्या नाटकाच्या तालमीला येते, म्हटलं तिच्याच हाती द्यावं. फोनवर हल्ली आपलं बोलणं होत नाही. मार्चमधल्या त्या दिवसाचं मी काही काढत नाहीये, घाबरू नकोस. मला फक्त माझं रडगाणं गायचंय आणि ते ऐकून घेणारं दुसरं कुणी नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाचे कपडे माझ्याकडे आलेत. पद्माकरकाकांनी नाटक स्वतः लिहिलंय आणि बसवतायतही तेच. रिटायर झाल्यापासून त्यांच्यात जो उत्साह संचारलाय तो बघून वीणाकाकू सुद्धा थकल्यात. नवरा, बायको आणि त्यांचा फ्लॅट, एवढंच नाटक. बायको आधी गाणारी, हसणारी, आणि हळूहळू ती माणसांत यायची बंद होते. नवरा मारत नाही. दारू पीत नाही. बायकोचं काम अनुषा करतेय. कन्नड घरातली असून मराठी इतकं स्वच्छ बोलते की आपल्याला लाज वाटावी. आणि नवऱ्याचं काम राजस करतोय, हे त्याने तुला सांगितलं असेलच.

तर काकांचं म्हणणं असं, की नवऱ्याला काळा कुर्ता, बोटांत अंगठ्या, जाड मिशी. बायकोला विटलेलं सुती लुगडं आणि सुटे केस. मी म्हटलं, काका, व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये विटलेलं लुगडं कोण नेसतं हो? तर म्हणाले, "देवश्री, स्वल्प, थोडं समजून घे. पडदा वर गेल्या गेल्या पब्लिकला कळलं पाहिजे कोण वाईट ते."

इथेच माझं डोकं फिरतं. पडदा वर गेल्या गेल्या कळलं तर मग दोन तास कशाला बसायचं लोकांनी? शिवाय त्या बाईलाही लग्नाच्या आधी कळलं असतं ना! काळा कुर्ता आणि मिशी बघून पळून गेली असती ती. तिच्या आईबापांना, बहिणीला, सगळ्यांना आवडला म्हणूनच ना तो जावई झाला?

मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. नवऱ्याला साधा आकाशी शर्ट, कडक इस्त्रीचा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. शेजारच्या काकूंच्या सिलिंडरला हात लावणारा माणूस. आणि बायकोचे कपडे कधीच फाटके नाहीत. उलट सगळे नवे. इतके नवे की दुकानातल्या घडीची रेघ अजून दिसते. मापात जरासे चुकलेले, खांदा अर्धा इंच खाली, कारण विकत घेताना ती दुकानात नव्हतीच. पहिल्या प्रवेशात तिच्या अंगावर तिच्या आवडीचा रंग, पुढे तो फिका फिका होत जातो आणि शेवटच्या प्रवेशात तिचा कुर्ता आणि सोफ्याचं कापड एकाच रंगाचं. ती बसली की शोधावी लागते.

काका म्हणाले, "अगं, ती दिसली पाहिजे ना स्टेजवर!"

मी म्हटलं, "ती दिसेनाशी होते, हेच तर नाटक आहे. तुम्हीच लिहिलंय."

 मग राजस हसला आणि म्हणाला, "ताई, आमच्या काळ्या कुर्त्याला हात लावायचा नाही हां." सगळे हसले. विषय संपला. रोज पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या कपड्यांच्या फॅक्टरीत कॉलर आणि कफची सॅम्पलं काढायची, परदेशातल्या लोकांच्या पसंतीला उतरवायची आणि रविवारी मारतहळ्ळीला तालमीला जाऊन हे ऐकायचं. कधी कधी वाटतं, दोरा तोडावा आणि उठावं.

तुला हे सगळं का सांगतेय कोण जाणे. तू शाळेत असताना तुझ्या गॅदरिंगचे कपडे मी शिवायचे आणि तू ऐन वेळी कात्री घेऊन बाह्या कापून टाकायचीस, म्हणून असेल.

जमलं तर दोन ओळी लिही. अनुषाकडे दे.

तुझीच,
ताई

•

यशवंतपूर
१७ ऑगस्ट २०२५

ईरू,

तब्येत कशी आहे हे विचारणार नाही. अनुषा सांगते की रोज शाळेत येतेस आणि डबा तसाच परत नेतेस. माझं पत्र वाचलंस आणि पर्समध्ये न ठेवता तिच्याकडे परत दिलंस, हेही सांगितलं. मला ते आधी लागलं. मग का दिलंस ते कळलं. हेही तसंच परत दे.

आजच्या तालमीचं सांगते. मी अजून चप्पल सुद्धा काढलेली नाही, बसून लिहायला घेतलंय.

काळ्या कुर्त्याचं भांडण मी जिंकले. कसं, तर अगदी क्षुद्र मार्गाने. कुर्ता शिवून आणलाच नाही. काकांना सांगितलं, कापड मिळालं नाही, आजचा दिवस राजस स्वतःच्या कपड्यांत करू दे. राजसला मेसेज केला, "ऑफिसला जातोस तसाच ये." तो आला. आकाशी शर्ट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. आल्या आल्या खुर्च्या लावल्या. वीणाकाकूंच्या हातातला चहाचा थर्मास घेतला. तुला माहीतच आहे तो कसा आहे ते.

दुसऱ्या अंकात एक जागा आहे. दोघं लग्नाला निघालेत, बायको साडी निवडते, नवऱ्याला ती पटत नाही आणि तो तिच्यावर ओरडतो. काकांनी पानभर ओरडणं लिहिलंय. काळ्या कुर्त्याची घोषणा झाल्यापासून राजस ते अगदी दात-ओठ खाऊन म्हणायचा आणि सगळं खोटं वाटायचं. आज तो ओरडलाच नाही. अनुषाच्या हातातली केशरी साडी त्याने अलगद काढून घेतली. तिची नीट घडी घातली, काठाला काठ जुळवून. ती कपाटात ठेवली. दुसरी काढली, फिकट बदामी, आणि तिच्या हातावर ठेवून म्हणाला, "ही नेस. तुला कळत नाही ना, म्हणून मी सांगतो." आणि तिच्या गालावर दोन बोटांनी हलकंच थापटलं.

हे संहितेत नाही, ईरू. एक अक्षर नाही.

काका उभे राहिले. "वा! राजस, वा! हेच पाहिजे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला शाबासकी मिळाली, आकाशी शर्ट मान्य झाला, सोफ्याच्या रंगाचा कुर्ता सुद्धा मान्य झाला. तीन आठवडे ज्यासाठी भांडले ते सगळं एका क्षणात मिळालं आणि मी तिथे टाचण्यांचा डबा हातात धरून उभी. मी टाळी वाजवली नाही.

कारण मार्चमध्ये तुझ्या वाढदिवसाला मी हे पाहिलंय. तू मोरपंखी ओढणी घेऊन बाहेर आलीस, त्याने ती तुझ्या खांद्यावरून काढली, घडी घातली आणि हसत हसत हेच म्हणाला. तेच शब्द. दोन बोटं, गाल. पाहुणे बसले होते. सगळ्यांना कौतुक वाटलं, बायकोच्या कपड्यांत इतकं लक्ष घालणारा नवरा! मी तुझ्यामागे स्वयंपाकघरात आले आणि विचारलं, तर तू म्हणालीस, "ताई, तुझी कपड्यांची फॅक्टरी माझ्या घरात आणू नकोस." त्यानंतर तू फोन उचलला नाहीस. किंवा तुला उचलू दिला नाही. मला कळायला मार्ग नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. मी माणसाच्या कॉलरवरून सांगू शकते की त्याला घाई होती की नाही, पण माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात काय चाललंय ते मला विचारूनही कळत नाही.

तुझ्या अंगावर त्या दिवशी नवा कुर्ता होता. घडीची रेघ दिसत होती. खांदा अर्धा इंच खाली होता.

आता तुझ्या लक्षात आलं असेल, की नाटकातल्या त्या बाईचे कपडे मी कुठून आणले. तुला न विचारता आणले. तुला राग येईल, तो येऊ दे. पण मला दुसरीकडे कुठे बोलता येत नव्हतं. मला वाटलं, निदान कापडात तरी बोलावं.

तालीम संपल्यावर मी राजसला विचारलं, "हे कुठून सुचलं रे?"

तो म्हणाला, "घरूनच. ईराला रंगांचं काही कळत नाही, ताई. मीच बघतो सगळं." त्याच्या चेहऱ्यावर ना शरम, ना लपवाछपवी. त्याला खरंच वाटतं की ही माया आहे. काळ्या मिशीचा माणूस असता तर मी चार शब्द सुनावले असते. ह्याला काय सुनावणार?

परतीच्या मेट्रोत अनुषा माझ्याबरोबर मॅजेस्टिकपर्यंत आली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अक्का, मला भीती वाटली. अ‍ॅक्टिंगमध्ये कधी वाटत नाही अशी. माझ्या हातातून साडी गेली आणि मला खरंच वाटलं की आपलं चुकलं." थोड्या वेळाने म्हणाली, "ईरा मॅमना मी रोज बघते. विचारायचं धाडस होत नाही."

ती भूमिका सोडते म्हणत होती. मी थांबवलं. बरोबर केलं का, माहीत नाही.

घरात शिरता शिरता पद्माकरकाकांना मी फोन केला. आडून आडून सांगितलं. ते म्हणाले, "राजस? छे छे. असं बोलू नये, देवश्री. मुलगा हिरा आहे. नाटक डोक्यात जातं कधी कधी माणसाच्या." माझ्या डोक्यात गेलंय म्हणे! मी फोन ठेवला आणि ईशानवर ओरडले. त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

एकतीस तारखेला प्रयोग आहे. तू यावंस असं मला वाटतं की वाटत नाही, हे मलाच ठरवता येत नाहीये. राजसने विचारलं तर तू येच, कारण नाही म्हणालीस तर तो का म्हणून विचारेल. बघ, मी पण आता तुझ्यासारखा विचार करायला लागले.

मला काहीतरी कळव. चार शब्द कळव. नुसतं "वाचलं" म्हण.

ताई

•

यशवंतपूर
४ सप्टेंबर २०२५

ईरू, माझ्या बाळा,

अनुषा हे तुझ्या हातात देईल आणि तू वाचून होईपर्यंत तिथेच थांबेल. मी सांगितलंय तिला.

रविवारी मी विंगेत उभी होते. तुला तिसऱ्या रांगेत बसलेली पाहिलं आणि त्यानंतर स्टेजवर काय चाललंय याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. मी फक्त तुझा चेहरा बघत होते. साडीचा प्रवेश आला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याचा हात सोडला, हे मी पाहिलं. तू मात्र हलली नाहीस. मला वाटलं, हरलो आपण. हिला दिसतच नाहीये, किंवा दिसतंय आणि हिला चालतंय.

शेवटच्या प्रवेशात अनुषा सोफ्यावर बसली आणि खरंच दिसेनाशी झाली. मागून कुणाचं तरी लहान मूल मोठ्याने म्हणालं, "आई, ती कुठे गेली?" लोक हसले नाहीत. इतके आठवडे मी जे कापडातून करू बघत होते ते झालं होतं आणि मला त्याचं काडीचं समाधान नव्हतं.

मग ते फोटो, ते पेढे. राजसभोवती सगळा घोळका. त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं लोकांनी. आणि वीणाकाकू तुला हाताला धरून मध्ये घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय गं ईरा, असल्या माणसाबरोबर राहतेस तरी कशी?" सगळे खो खो हसले. त्याने तुझ्या खांद्यावर हात टाकला, म्हणाला, "सांग, सांग ना त्यांना."

आणि तू म्हणालीस, "नाटकात तो जरा कमी करतो."

ईरू, लोक किती हसले! टाळ्या दिल्या त्यांनी एकमेकांना. पद्माकरकाका म्हणाले, हे वाक्य नाटकात घालायला पाहिजे. राजस सुद्धा हसला, पण सगळ्यांच्या नंतर. माझ्या हातातलं पेढ्यांचं ताट कधी तिरकं झालं कळलं नाही, अनुषाने ते काढून घेतलं.

तू विनोद केला नव्हतास. तुझा आवाज मला माहीत आहे. तू चाळीस माणसांच्या मध्ये उभी राहून खरं सांगितलंस आणि कुणीही ऐकलं नाही. मी ऐकलं. अनुषाने ऐकलं. आणि त्यानेही ऐकलं.

पार्किंगमध्ये मी तुमच्या मागे आले. "ईरू, आज चल माझ्याकडे राहायला." तो म्हणाला, "उद्या तिची शाळा आहे, ताई," अगदी गोड आवाजात, आणि पुढचं दार उघडून धरलं. तू मागचं दार उघडलंस आणि मागे बसलीस. तो पुढचं दार तसंच धरून थोडा वेळ उभा होता.  गाडी गेली. ईशानने मला घरी आणलं. रस्ताभर मी त्याला म्हणत होते की आत्ताच्या आत्ता जाऊ, दार वाजवू, घेऊन येऊ तिला. तो म्हणाला, "आणि ती नाही म्हणाली तर? त्याच्यासमोर तिला नाही म्हणायला लावू नकोस." मी त्याला नाही नाही ते बोलले. पण त्याचं बरोबर होतं.

सोमवारी तू शाळेत नव्हतीस. मंगळवारीही नाही. तुझा फोन बंद. मी फॅक्टरीत टेबलाशी बसून एकच कॉलर परत परत उसवत होते. शेवटी सुपरवायझरने घरी पाठवलं.

आणि काल अनुषा आली. संध्याकाळी, थेट शाळेतून, इतक्या लांब. कापडी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ईरा मॅम आज आल्या शाळेत, त्यांनी दिलीय. अक्काला म्हणावं, नाटकाच्या कपड्यांच्या ट्रंकेत ठेव. तिथे कुणी हात घालत नाही."

मी उघडून पाहिलं. रागावू नकोस, पाहिलं. तुझा पासपोर्ट, बी.एड.चं प्रमाणपत्र, आईच्या दोन पाटल्या. मी जमिनीवरच बसले. अनुषा पण माझ्याशेजारी बसली.  ईशानने चहा करून आणला तो तसाच गार झाला.

पिशवी तू सांगितलंस तिथे ठेवलीय. ट्रंकेला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात. काकांना नाटकाचा दुसरा प्रयोग हुबळीला करायचाय, कपडे मागत होते. मी नाही म्हणून सांगितलं. का ते सांगितलं नाही, ते परत छे छे म्हणतील. चिडले माझ्यावर. म्हणाले, मंडळाचे कपडे आहेत. मी म्हटलं, असतील, न्यायला या बघू. मी असं मोठ्या माणसाशी कधी बोलले नव्हते.

आमच्या फॅक्टरीत कामगारांचे खटले बघायला एक वकीलबाई येतात. त्यांच्याशी बोलले, नाव न घेता. त्या म्हणाल्या, हात उगारला नाही म्हणजे काही झालं नाही असं कायदा म्हणत नाही. त्या तुला भेटायला तयार आहेत, शाळेच्या वेळात, शाळेजवळ. तुला हवं असेल तरच. आईला मी काही सांगितलेलं नाही. तिला राजस फार आवडतो, ती रडेल आणि मग तुलाच समजावत बसेल. सांगायचं तेव्हा तू सांग, मी शेजारी बसेन.

मला घाई झालीय, ईरू. खूप. मला वाटतं उद्याच यावं तुझ्या शाळेत, सगळ्यांसमोर तुझा हात धरावा आणि ओढून आणावं. पण तुझ्या हातातून वस्तू काढून घेणारा आणि तुला काय करायचं ते सांगणारा एक माणूस आहेच. मला दुसरा व्हायचं नाहीये. म्हणून बसलेय दात आवळून. हे मला जमत नाही, तुला माहीत आहे, तरी बसलेय.

दिवस तू ठरव. ठरला की अनुषाला तिच्या कन्नडात फक्त "सरी" म्हण, ठीक आहे एवढंच, ती मला कळवेल. मी गाडी घेऊन शाळेच्या मागच्या फाटकाशी असेन. सामान बांधू नकोस, कपाट उघडू नकोस, काही निवडत बसू नकोस.

अंगावर जे असेल त्यात ये.

फाटकाशी असलेली,
तुझी ताई